नरडाण्याचं मशीन आणि बेबाबाईचं नाक

एसटीत एकतीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढल्यावर माणसाला सहसा कशाचा धक्का बसत नाही. धुळ्याच्या स्टँडवर मी नवरदेव चुकीच्या गाडीत बसून चोपड्याला गेलेला पाहिलाय. खिडकीजवळच्या सीटवर बोकड आणि शेजारी त्याचा मालक उभा, हेही पाहिलंय. रिटायर झालो तेव्हा बायकोला म्हणालो, आता आपल्याला चकित करणारं जगात काही उरलं नाही. ते बोलणं अंगाशी आलं. यंदाच्या मे महिन्यात नरडाण्याच्या बेबाबाईने मला एकाच दिवसात असे धक्के दिले की अजूनही जेवताना मध्येच हात थांबतो.

बेबाबाई म्हणजे मासेवाली. भोयाची लेक, तापीकाठी वाढलेली, नरडाण्याला दिलेली. नवरा वना तापीत जाळं टाकायचा आणि ही सकाळच्या शिरपूर-धुळे गाडीने पाटी घेऊन धुळ्याच्या मच्छीबाजारात यायची. आमची ओळख भांडणातून झाली. कंडक्टर पाटी गाडीत ठेवू देईना, ही खाली उतरेना, मागे गाड्यांची रांग लागलेली. मी तावातावाने गेलो आणि म्हणालो, बाई, गाडीत वास मारतोय, लोकांची तक्रार आहे.

बाई थंडपणे म्हणाली, "भाऊ, वास येस तो मन्हा मासास्ना नही. तुमना डायवरना मोजास्ना शे."

ड्रायव्हरने पाय सीटखाली ओढून घेतले. अख्खी गाडी हसली, मलाही हसू आवरेना. पाटी टपावर गेली आणि मी त्या दिवसापासून तिचा कायमचा गिऱ्हाईक झालो.

तर हे तिचं नाक. त्याच्या गोष्टी आम्ही स्टँडवर चहासोबत सांगायचो. एकदा सोनगीरच्या अलीकडे तिने ड्रायव्हरला ओरडून गाडी थांबवायला लावली, कुठेतरी वायर जळतेय म्हणून. ड्रायव्हर चिडून उतरला आणि बॉनेट उघडून पाहतो तर खरंच धूर. मासा तर ती हातात न घेता सांगायची, हा कालचा, हा आजचा, हा आजचाच पण उन्हात ठेवलेला. मला माशातलं कळतं असा माझा स्वतःबद्दल फार मोठा समज होता. पण बेबाबाई "हाऊ नका लेवू" म्हणाली की मी मुकाट्याने दुसरा घ्यायचो. वीस वर्षं मी मासा कधी स्वतः पाहून घेतला नाही. तिचं नाक होतं ना.

एकवीस साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वना गेला. बेबाबाई स्वतःही दवाखान्यात होती. नवऱ्याला अग्नी कोणी दिला, कधी दिला, हे तिला आठ दिवसांनी कळलं. पोरगा भूषण तेव्हा बेकार होता. दोन-अडीच महिन्यांनी ती पुन्हा पाटी घेऊन बाजारात दिसली, वाळून गेलेली. मी म्हणालो, बेबाबाई, थोडी विश्रांती घे. ती म्हणाली, विश्रांती घेऊन वना येणार आहे का. मी दोन किलो मरळ घेऊन घरी आलो.

मग तेवीसच्या दिवाळीनंतर तिने मशीन घेतलं.

नरडाण्याच्या एमआयडीसीत फळांची पावडर करणारं एक छोटं युनिट होतं. सावदा-फैजपूरकडून केळी यायची, शिरपूरहून पपई, त्यांच्या चकत्या गोठवून वाळवायच्या. ते बंद पडलं. भूषण तोवर तिथेच जवळच्या एका कारखान्यात लागला होता. त्याला कळलं की त्या युनिटचं नमुने करायचं लहान मशीन मालकाने विकायला काढलंय. बेबाबाईने वनाची होडी विकली, जाळी विकली आणि गोदरेजच्या कपाटाएवढं ते धूड घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत आणून बसवलं. कशासाठी, तर मासे वाळवण्यासाठी.

सारं नरडाणं हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. खानदेशात मेमध्ये पापड टाकून आपण अंगणातून घरात येईपर्यंत तो वाळतो, इतकं ऊन. तिथे उन्हात फुकट वाळणारा मासा ही बाई बर्फात वाळवणार, तेही वीज जाळून. मी तिला तोंडावर म्हणालो, म्हातारपणी चळ लागला का?

तिने कागदात गुंडाळलेला एक पांढरा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. त्याला वजनच नव्हतं. कुरमुऱ्यासारखा हलका आणि बोटाने दाबला तर चुरा होईल असा. म्हणाली, पाण्यात टाका. मी वाटीत कोमट पाणी घेऊन तो टाकला आणि पाहत राहिलो. दहा मिनिटांत त्या खडूच्या तुकड्याचा मासा झाला. मऊ, ओलसर, मांसाचे पदर दिसणारा, जणू आत्ता कापलाय. घरी नेऊन कालवण केलं तर बायको म्हणाली, आज मासा ताजा मिळाला वाटतं. मी तिला सांगितलं, तो चार महिन्यांपूर्वीचा आहे. तिने चमचा खाली ठेवला.

भूषणने मला नंतर ते कसं होतं ते समजावलं. मासा नदीवरून आला की अर्ध्या तासात साफ करून बोटभर जाडीचे तुकडे ट्रेमध्ये मांडायचे. मशीन त्यांना उणे चाळीसपर्यंत गोठवतं. मग पंप आतली हवा ओढून घेतो आणि ट्रे हळूहळू कोमट होतात. आतल्या बर्फाचं पाणी होतच नाही, थेट वाफ होऊन निघून जाते. दीड दिवस लागतो. शेवटी सगळ्यात जाड तुकडा मोडायचा आणि मधला भाग ओठाला लावायचा. गार लागला तर आत बर्फ उरलाय, पुन्हा लावा. गार नाही लागला तर चंदेरी पुडक्यात घालून, हवा शोषणारी छोटी पुडी टाकून तोंड बंद. तेलकट मासा टिकत नाही, मरळ, रोहू चालतात. आणि मासा कच्चाच असतो हे विसरायचं नाही. जंतू मेलेले नसतात, झोपलेले असतात. म्हणून खाताना नीट शिजवायचा.

धंदा चालला. बेबाबाईने बाजारात येणं बंद केलं. पुण्याला, सुरतेला, पोरांच्या हॉस्टेलला तिची पुडकी जाऊ लागली. हसणारे लोक आता "मी तेव्हाच म्हणालो होतो" म्हणू लागले. त्यात मीही होतो.

माझी मुलगी दिपमाला बंगलोरला असते. यंदा तिला सहावा महिना लागला आणि तिला डोहाळा लागला तापीच्या मरळीचा. तिथे म्हणे सगळं मिळतं, पण मरळीला ती चव नाही. फोनवर रडायला आली पोरगी. मी बेबाबाईला चार पुडकी सांगून ठेवली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास ती आणायला नरडाण्याला गेलो.

ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. झळ लागू नये म्हणून घराच्या खिडक्या बंद, दार लोटलेलं. मी दार ढकललं आणि पहिलं पाऊल आत टाकायच्या आधीच गॅसचा भपकारा नाकात गेला. इतका की डोळे चुरचुरले. समोर शेगडीवर चहा उतू जाऊन ज्योत विझलेली. बेबाबाई मागच्या खोलीतून नुकतीच आली असावी. शेगडी विझलेली पाहून तिने ओट्यावरचा लायटर उचलला होता. अगदी शांतपणे. तोंडाने काहीतरी गुणगुणत.

मी एवढ्या वयात एवढी मोठी उडी मारेन असं मला वाटलं नव्हतं. मी तिचा हात मनगटाशी धरला आणि लायटर हिसकून दाराबाहेर अंगणात फेकला. मग शेगडीचं बटण बंद केलं, सिलेंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, तिला ओढत बाहेर नेलं.  ती मात्र माझ्याकडे भूत पाहिल्यासारखी पाहत होती.

"काय झायं, भाऊ?"

"काय झालं? घर गॅसने भरलंय. वास येत नाही का तुला?"

तिने घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. मी पुन्हा विचारलं, "बेबाबाई, वास येत नाही का?" आणि विचारता विचारताच हा प्रश्न मी कोणाला विचारतोय ते माझ्या लक्षात आलं.

"नही येत," ती म्हणाली. "चार वरीस व्हयनात. वना गया त्या महिनामां मन्हं नाक बी गयं. कोन्हले सांगू नका. भूषणले बी ठाऊक नही."

मी तिथेच दारापुढच्या ओट्यावर बसलो. चार वर्षं. म्हणजे ती दोन-अडीच महिन्यांनी पाटी घेऊन परत आली तेव्हापासून. तेव्हा घेतलेली ती दोन किलो मरळ, त्यानंतरच्या दर रविवारची पिशवी, पाहुण्यांना वाढलेला मासा, सगळं मी ज्या नाकाच्या भरवशावर घेतलं ते नाक नव्हतंच. आणि मी न पाहता, न हुंगता, खुशाल घेत होतो, वर मित्रांना सांगत होतो की बेबाबाईकडून घ्या, डोळे झाकून घ्या.

आधी भीती वाटली आणि लगेच राग आला. माझा राग नाकावरच असतो, बायको म्हणते ते काही खोटं नाही. मी तिला नको नको ते बोललो. म्हणालो, तू लोकांच्या जिवाशी खेळलीस. म्हणालो, वीस वर्षांचा विश्वास तू विकलास. ती उभी राहून ऐकत होती. मग एकदम मला चार पुडकी आठवली.

"दिपमालाची पुडकी कधीची आहेत?"

"ह्याच हप्तानी."

"मंगळवारी वादळ झालं. वीज गेली होती ना इथे?"

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. दुपारी दोनला गेली, रात्री नऊला आली, म्हणाली. मासे मशीनमध्येच होते. भूषण डबल ड्युटीवर. तिने झाकण उघडलं नाही, फ्रिजसारखं आत गार राहील असं तिला वाटलं. वीज आल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं, पुढे दीड दिवस चाललं. तुकडे पांढरे, कुरकुरीत निघाले. तिने मोडून ओठाला लावून पाहिले, गार लागले नाहीत. अकरा पुडकी भरली.

पत्र्याच्या खोलीत, मेच्या दुपारी, सात तास. त्या मशीनचे ट्रे त्या वेळी कोमट करायला घेतलेले. बर्फ वितळला असेल, मासा पाण्यात पडून राहिला असेल आणि रात्री मशीनने तो जसा होता तसा नीट वाळवून दिला असेल. वाळलेल्या तुकड्याकडे पाहून कळणार नाही. हाताला कळणार नाही, ओठाला कळणार नाही. कळलं तर फक्त नाकाला.

मी पुडकी घेतली नाही. निघताना म्हणालो, "एक पुडकंही बाहेर जाऊ देऊ नकोस. मी धुळ्याला जाऊन सगळ्यांना सांगणार आहे. लोकांना कळलंच पाहिजे." ती दारात उभी होती, दोन्ही हात एकमेकांत धरून. लोकांना कळलं तर तिच्याकडून मासा कोण घेणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मला त्या क्षणी त्याची पर्वा नव्हती.

गाडीत बसून दिपमालाला फोन केला, मरळ उशिरा येईल म्हणालो. ती म्हणाली, का, मी म्हणालो, नदीला पाणी कमी आहे. मग स्टँडवर उतरलो आणि घरी न जाता सरळ मच्छीबाजारात गेलो, कुंदाबाईकडे.

कुंदाबाई ही बाजारात बेबाबाईची शेजारीण. वीस वर्षं दोघींच्या पाट्या शेजारी शेजारी आणि वीस वर्षं रोज सकाळी भांडण. कुंदाबाई बेबाबाईच्या पाटीतला एकेक मासा उचलायची आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा शिव्या द्यायची, हा काय मासा म्हणायचा का, हा तर तुझ्या सासऱ्याच्या लग्नातला. बेबाबाई तिला तेवढंच परत द्यायची. नवखं गिऱ्हाईक घाबरायचं, जुनं हसायचं. बेबाबाईची बातमी पसरवायला याहून लायक बाई मला सुचेना. मला वाटलं, ही आनंदाने नाचेल.

मी सगळं सांगितलं. कुंदाबाई सुरीने रोहूची खवलं काढत होती, ती काढतच राहिली. माझं संपल्यावर तिने सुरी पाटावर ठेवली.

"सांगी दिधं बठ्ठं? आते माले सांगा, हाई तुम्ही आखो कोन्हले सांगं?"

मी म्हणालो, कोणालाच नाही, पहिली तूच.

"मंग आखो कोन्हले सांगू नका. माले ठाऊक शे. चार वरीस पासून."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. कुंदाबाईने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं. बेबाबाई परत आली त्या पहिल्याच दिवशी तिच्या पाटीत वरच्या थराला सडलेला कटला होता. कुंदाबाईला आधी वाटलं, हिची वेळ वाईट आहे, खपवायला पाहतेय. पण खपवणारी बाई सडलेला मासा खाली लपवते, ही तो वर मांडून बसली होती. मग कुंदाबाईने बोलता बोलता शिळे झिंगे तिच्या नाकाखालून नेले. बेबाबाईच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"त्या दिनपासून मी रोज तिनी पाटी तपाशी. भांडताना कोन्हले समजस नही. एकेक मासा उचलू, शिव्या देऊ, वास लेऊ. खराब निंघना का बाजूले मन्हा गोनपाटखाले."

अडीच वर्षं. रोज सकाळी. मी त्या भांडणाला उभं राहून हसलो होतो. माझ्या पिशवीत पडलेला प्रत्येक मासा आधी या बाईच्या नाकाखालून गेला होता आणि मला पत्ता नव्हता.

"पण तिला सांगायचं ना. स्पष्ट सांगायचं," मी म्हणालो.

"सांगती तं ती घर बठी जाती," कुंदाबाई म्हणाली. "वना गयेल, पोऱ्याले काम नही. घर बठेल बाई कितला दिन जगस, भाऊ?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ रागही आला. म्हणाली, मग एक दिवस बया न सांगता मशीन घेऊन बसली. बाजार सोडला. मला एका शब्दाने विचारलं नाही. दीड वर्ष झालं, आम्ही बोलत नाही. तिथे घरात तिच्या माशाचा वास कोण घेतं? याच विचाराने मला नीट झोप नाही. मग ती उठली, पाटीवर ओलं गोणपाट टाकलं आणि शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं.

"चाला. माले नरडाणे लई चाला."

दुपारी अडीचची गाडी पकडून आम्ही पुन्हा नरडाण्याला आलो. बेबाबाई दारातच बसली होती, सकाळी सोडून गेलो होतो तिथेच. बहुतेक माझ्यामागून अख्खं धुळं येईल असं तिला वाटलं असावं. कुंदाबाईला पाहून ती उभी राहिली. कुंदाबाईने चप्पल काढता काढताच तोंड सुरू केलं.

"काय व, मशीनवाली मालकीन व्हयनी का? माणसं वळखू येतस का तुले? कोठे शेतस ती पुडकी? फोड एक. पानी तपाड."

बेबाबाईने पाणी तापवलं. मीच गॅस पेटवून दिला. पुडकं फोडलं, तुकडे पातेल्यात टाकले, झाकण ठेवलं. दहा मिनिटं आम्ही तिघं त्या पातेल्याभोवती बसून होतो. कुंदाबाई तेवढ्या वेळात मशीनला, पत्र्याला, नरडाण्याच्या उन्हाला नावं ठेवत होती. तिने झाकण काढलं.

वास आला. पाणी लागताच तो मंगळवारची दुपार घेऊन उठला, आंबूस, कुजका, घशात बसणारा. मी तोंडावर रुमाल धरला. हे मी बंगलोरला पाठवणार होतो. माझ्या पोरीला, तिच्या पोटातल्या जिवाला. 

कुंदाबाईने पातेल्यावर वाकून एकदा वास घेतला आणि झाकण परत ठेवलं. तिचं तोंड एकदम बंद झालं. ती भिंतीकडे पाहत बसली.

बेबाबाई मात्र आमच्या दोघांत फक्त कुंदाबाईकडे पाहत होती. माझा रुमाल तिने पाहिलाच नाही.

"सडेल शे," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

कुंदाबाई काही बोलली नाही.

"चांगला मासाले तू शिव्या देस," बेबाबाई हळू आवाजात म्हणाली. "सडेल निंघना का तू चूप बसस. माले पयल्या हप्तामांच समजनं. तू ज्याले शिव्या दिध्या तोच मासा मी इका. तू चूप बसीसन जो बाजूले सारा, तो मी परत कधी मांगा नही."

कुंदाबाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं या बाईला ओळखतो, तिचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. तिच्या तोंडून कसेबसे शब्द निघाले.

"तुले ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

"मंग हाई मशीन कसाले लिधं? माले सोडीसन काब्र गयी?"

बेबाबाई पातेल्याच्या झाकणावर हात ठेवून बसली होती. तिने वर न पाहता सांगितलं. रोज सकाळी कुंदाबाईची पाटी झाकलेली राहायची आणि ती हिच्या पाटीपाशी तासभर उभी. बोहनीच्या वेळी गिऱ्हाईक यायचं, झाकलेली पाटी पाहून पुढच्या बाईकडे जायचं. अडीच वर्षांत कुंदाबाईची निम्मी जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, तिचे गुडघे सुजले, पण ती काही बोलेना आणि बेबाबाईला थांब म्हणता येईना, कारण थांब म्हटलं तर ठाऊक असल्याचं कबूल करावं लागलं असतं. मग भूषणने मशीनची गोष्ट काढली. नदीवरून आला की गोठवायचा, सडायला वेळच द्यायचा नाही, म्हणजे नाक लागणार नाही.

"कितला दिन तुले मन्हा पाटीले बांधी ठेवू व, कुंदे? म्हनीसन वनानी होडी इकी."

मी खाली पाहिलं. सकाळी याच बाईला मी विश्वास विकलास म्हणालो होतो.

कुंदाबाई हलली नाही. बोलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंही नाही. बराच वेळ गेला.  जी बाई गॅसने भरलेल्या घरात गुणगुणत होती, मी तोंडाला येईल ते बोललो तरी हलली नव्हती, ती आता घाबरली होती.

"कुंदे, चूप नको बसू व," ती म्हणाली. "काहीतरी बोल."

कुंदाबाईने पदराने नाक पुसलं, दम घेतला आणि सुरुवात केली. बेबाबाईच्या आजीपासून सुरुवात केली, मग सासर, मग तिची अक्कल, मग मशीन, मग न सांगता जाणाऱ्या बायका. आवाज चढत गेला, शेजारची माणसं दारात आली. बेबाबाई मान खाली घालून एकेक शिवी ऐकत होती. मध्येच कुंदाबाई श्वास घ्यायला थांबली, तर बेबाबाईने तेवढ्यात दचकून वर पाहिलं.